वेळेची भूक, वाटेची तृप्ती

(लोअर परळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पोटातून निघणाऱ्या दोन संप्रेरकांविषयी मी आज बोलणार आहे. एक भूक लावतं, दुसरं आता पुरे म्हणून सांगतं. पहिल्याचं नाव घ्रेलिन. दुसऱ्याचं पेप्टाइड वायवाय; डॉक्टर मंडळी त्याला पीवायवाय म्हणतात, मीही तेच म्हणेन. जठर आणि आतडी मिळून अशी कितीतरी संप्रेरकं रक्तात सोडतात. त्यांतली ही दोनच निवडली, कारण कोण खादाड, कोण संयमी, कुणाला "भूकच लागत नाही" असे निवाडे आपण घरात आणि दवाखान्यात सहज देऊन टाकतो. ही दोन संप्रेरकं नीट समजली तर यांतले बरेचसे निवाडे टिकत नाहीत.

हा विषय लोअर परळला बोलण्यासारखा आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा जवळजवळ अडीच लाख कामगारांच्या घरातली चूल त्याच्याशी बांधलेली होती. संप लांबत गेला तशी गिरणगावात रोजच्या जेवणाची पंचाईत झाली, ते इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. आज फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं आहेत, आणि याच भागातल्या औषधांच्या दुकानात वजन उतरवण्याची इंजेक्शनं मिळतात. एकाच वस्तीनं दोन पिढ्यांत उपासमारही पाहिली आणि भूक मारण्यासाठी पैसे मोजणंही पाहिलं.

आधी भुकेकडे वळू. पोट रिकामं झालं की भूक लागते, ही आपली पिढीजात समजूत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांचंही मत काही फार निराळं नव्हतं. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी आपला सहकारी वॉशबर्न याला एक रबरी फुगा गिळायला लावला आणि जठराच्या आकुंचनाचा आलेख काढला. पोटात कळ आली की वॉशबर्नला भूक जाणवे. जठराच्या कळा म्हणजेच भूक, असा निष्कर्ष निघाला आणि बराच काळ टिकला. पण पुढे शस्त्रक्रियेत अख्खं जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, हे दिसून आलं. आकुंचन पावायला जठरच नाही, तरी भूक आहे. मग ती येते कुठून?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा १९९९च्या डिसेंबरात जपानमधून आला, आणि तोही भलत्याच शोधातून. मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा हे भुकेच्या मागे नव्हतेच. वाढीचं संप्रेरक रक्तात सोडायला लावणारा एक ग्राही पेशींवर सापडला होता; शरीरातला कोणता रेणू त्याला चेतवतो ते कुणाला ठाऊक नव्हतं. तो रेणू मेंदूत असेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो सापडला उंदराच्या जठरात. अठ्ठावीस अमिनो आम्लांची साखळी, आणि तिच्या तिसऱ्या अमिनो आम्लाला चिकटलेलं आठ कार्बनांचं एक मेदाम्ल. हे मेदाम्ल कोकणातल्या माणसाला परकं नाही. खोबरेल तेलात ते असतं. ते चिकटलं नाही तर ग्राही घ्रेलिनला ओळखत नाही. हे चिकटवण्याचं काम करणारं विकर २००८मध्ये हाती लागलं. उंदरांना आहारातून अशी मेदाम्लं दिली तर शरीर तीच घेऊन घ्रेलिनला जोडतं, असंही जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. भुकेचा निरोप खाल्लेल्या अन्नाच्या तुकड्यानंच पुरा होतो, ही गोष्ट मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण तिचं नवल अजून संपलेलं नाही.

हेच घ्रेलिन २००१ साली लंडनमध्ये नऊ निरोगी माणसांच्या शिरेतून दिलं, तेव्हा ती माणसं एरवीपेक्षा २८ टक्के जास्त जेवली. त्याच वर्षी डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटानं दिवसभर ठरावीक अंतरानं रक्त तपासून दाखवलं की घ्रेलिन प्रत्येक जेवणाच्या जरा आधी जवळजवळ दुप्पट होतं आणि जेवणानंतर तासाभरात तळाला जातं.

इथवरचं ऐकून कुणी म्हणेल, यात नवीन काय? पोट रिकामं झालं, घ्रेलिन वाढलं. पोट भरलं, उतरलं. तसं नाही. २००५ साली सहा माणसांना एक दिवसाहून अधिक उपाशी ठेवून त्यांचं रक्त तपासलं गेलं. न्याहारीच्या वेळी घ्रेलिन चढलं. न्याहारी मिळाली नाही, तरी थोड्या वेळानं ते आपसूक उतरलं. दुपारच्या जेवणाला पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. रात्रीही तसंच. अन्नाचा कण पोटात गेला नव्हता.

गिरणीचा भोंगा असाच व्हायचा. आत सूत आहे की नाही, दारावर कामगार उभा आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. वेळ झाली की तो व्हायचा आणि ठरलेला वेळ वाजून थांबायचा. घ्रेलिनही रोजच्या सवयीनं लागलेल्या वेळेवर चढतं. जेवणाच्या वेळा बदलल्या की काही दिवसांत त्याच्याही वेळा सरकतात. जेवणाची वेळ टळून गेलेला माणूस "आता भूक मेली" म्हणतो, ते अक्षरशः खरं असतं. मेलेली असते ती भूक. शरीराची गरज होती तिथंच असते, किंबहुना वाढलेली असते.

आणखी एक गोष्ट. वाईट दिवसांत माणसं पाणी पिऊन भूक मारतात. पाण्यानं जठर ताणतं, क्षणभर बरं वाटतं, पण घ्रेलिन त्यानं हलत नाही. उंदरांवरचा एक प्रयोग तर फार बोलका आहे. जठराचं खालचं तोंड बंद करून आत ग्लुकोज सोडलं. जठर भरलं, आत अन्नही होतं, तरी घ्रेलिन उतरलं नाही. तोंड उघडून ग्लुकोज आतड्यात उतरू दिलं तेव्हाच ते उतरलं. घ्रेलिन जठरात तयार होतं, पण ते थांबवण्याचा हुकूम जठराच्या हाती नाही. तो पुढून, आतड्याकडून यावा लागतो.

तेव्हा आपणही आतड्यात उतरू. पीवायवाय आधी सापडलं, घ्रेलिनच्या एकोणीस वर्षं आधी. १९८० साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत काझुहिको तातेमोतो आणि व्हिक्टर मट यांनी ते डुकराच्या आतड्यातून वेगळं केलं. छत्तीस अमिनो आम्लांची साखळी. ते काय काम करतं हे तेव्हा कळलेलं नव्हतं. त्यांनी आधी रेणू शोधला, कामाचा पत्ता दुसऱ्यांनी लावला. हे पाझरतं लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून आणि मोठ्या आतड्यातून. ही जागा ध्यानात ठेवा. घास गिळल्यापासून अन्न तिथवर पोचायला बराच वेळ लागतो. चेतातंतूंमार्फत आगाऊ वर्दी मिळून जेवणानंतर पाव तासात पीवायवाय थोडं वाढू लागतं, पण त्याचा खरा भर तास-दोन तासांनी येतो आणि पुढे कित्येक तास टिकतो. जितकं अन्न, तितकं ते जास्त. प्रथिनांनी आणि स्निग्ध पदार्थांनी विशेष.

२००२ साली लंडनमध्ये रेचल बॅटरहॅम आणि स्टीफन ब्लूम यांच्या गटानं जेवणानंतर असतं तेवढंच पीवायवाय उपाशी माणसांच्या शिरेतून दिलं. त्या माणसांनी पुढच्या चोवीस तासांत एक तृतीयांश कमी अन्न खाल्लं. दुसऱ्या वर्षी स्थूल माणसांवरही तोच प्रयोग झाला आणि परिणाम जवळजवळ तितकाच दिसला. त्यांचं शरीर हा निरोप ऐकत होतं. मुळात त्यांच्या रक्तात पीवायवाय कमी होतं. २००२च्या कामातला उंदरांवरचा भाग मात्र अनेक प्रयोगशाळांना पुन्हा जमला नाही आणि त्यावरून मोठा वाद झाला. हा वाद मी मुद्दाम सांगते आहे. पोटाच्या संप्रेरकांचा अभ्यास सरळ रेषेत पुढे गेलेला नाही.

आता दोघांना शेजारी ठेवून पाहू. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, भूक चेतवणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका आहे. घ्रेलिन त्याच पेशींना जागं करतं, पीवायवाय त्याच पेशींना गप्प करतं. म्हणून पाठ्यपुस्तकांत दोघांना तराजूच्या दोन पारड्यांसारखं काढायची रीत पडली. मला ती पटत नाही. पारडी एकाच वजनाचं माप घेतात. हे दोघे निरनिराळ्या गोष्टी मोजतात. घ्रेलिन घड्याळाचा हिशोब ठेवतं: रोज या वेळी अन्न येतं, तयार राहा. पीवायवाय वाटेचा हिशोब ठेवतं: अन्न कुठवर पोचलं, किती पोचलं. भूक वेळेची आहे, तृप्ती वाटेची. शरीराला खरोखर काय हवं आहे, याचा जमाखर्च दोघांपैकी एकाकडेही नाही.

शिवाय दोन्ही बाजूंचं बळ सारखं नाही. तृप्तीच्या बाजूला पीवायवायबरोबर जीएलपी-१ आहे, वरच्या आतड्यातून येणारं कोलेसिस्टोकायनिन आहे, आणखीही आहेत. भूक वाढवणारं म्हणून पोटातून रक्तात येणारं ठळक संप्रेरक एकटं घ्रेलिन. मग घ्रेलिनच काढून टाकलं तर? असे जनुकबदल केलेले उंदीर तयार केले तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की ते रोडावतील. ते व्यवस्थित जेवले, व्यवस्थित वाढले. फरक दिसला तो उपासमारीत. मेदाम्ल चिकटवणारं विकर नसलेल्या, म्हणजे कामाचं घ्रेलिन नसलेल्या उंदरांचा आहार दिवसेंदिवस चाळीस टक्क्यांवर आणून ठेवला. साधे उंदीर तग धरून राहिले. या उंदरांची रक्तशर्करा इतकी घसरली की ते मरणाच्या दारात गेले. घ्रेलिन दिल्यावर, किंवा त्यानं वाढतं ते वाढीचं संप्रेरक दिल्यावर, शर्करा सावरली.

माझ्या मते घ्रेलिनचं असली रूप हेच आहे. रोजच्या जेवणाची वर्दी हे त्याचं किरकोळ काम. दुष्काळात माणसाला जिवंत ठेवणं हे मोठं. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून जी माणसं खडी फोडायला उभी राहिली, पोटं बांधून मुंबईला आली, त्यांच्या रक्तात हा इमानी सेवक काम करत होता. आज आपण त्याला स्थूलपणाचा खलनायक ठरवतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. स्थूल माणसांच्या रक्तात घ्रेलिन उलट कमीच असतं.

ते वाढतं कुणाच्या रक्तात? ज्यानं वजन उतरवलं त्याच्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं गेलं. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. घ्रेलिन चढलं, पीवायवाय घसरलं, भूक वाढली. यात धक्कादायक काही नाही. पण वर्षानंतर पुन्हा तपासलं तेव्हाही ही संप्रेरकं पूर्ववत झालेली नव्हती. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी प्रत्येक तुकडीला वाचायला लावते. शरीराच्या लेखी वजन उतरणं म्हणजे दुष्काळ. तो आपण हौसेनं ओढवून घेतला आहे हे घ्रेलिनला कळण्याची सोय नाही. वजन कमी करून पुन्हा वाढलेल्या माणसाला "जिभेवर ताबा नाही" म्हणणारे नातेवाईक आणि डॉक्टर एका अशा भुकेबद्दल बोलत असतात, जी त्यांना स्वतःला कधी वर्षभर सोसावी लागलेली नाही.

या ज्ञानावरून औषधं करण्याचे प्रयत्न झालेच. घ्रेलिनविरुद्ध लस करून पाहिली. वजन उतरलं नाही. पीवायवायचा नाकात मारायचा फवारा काढला. मळमळच जास्त झाली, गुण आला नाही. एकेकटं संप्रेरक हाताशी धरून भूक आवरत नाही, असा धडा मिळाला. यश आलं ते पीवायवायच्या शेजाऱ्याला. ज्या पेशी पीवायवाय सोडतात, त्याच बहुधा जीएलपी-१ही सोडतात. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोन-एक मिनिटांत अर्धंअधिक नाहीसं होतं. त्याच्यासारखाच, पण आठवडाभर टिकणारा रेणू म्हणजे सेमाग्लूटाइड. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन त्यानं उतरवलं. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही या जातीच्या औषधांची नावं भारतातल्या दुकानांत आली. ज्याला मधुमेह आहे, ज्याचे गुडघे वजनाखाली गेले आहेत, त्याला हे औषध घेण्याबद्दल कुणी लाजवू नये. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत येतं, हेही त्याला पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. भुकेचा निरोप दडपला तरी प्रथिनांची, लोहाची, स्नायूंची गरज तशीच उरते. भूक नसलेल्या माणसानं आठवणीनं, जाणून जेवायला हवं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आलं: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली, सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, पण चरबी राखून जन्मलेली. आईच्या पोटातच टंचाई ओळखून साठवायला शिकलेलं हे शरीर पुढे लोअर परळच्या कचेरीत रात्री अकराला मागवलेल्या मैद्याच्या आणि तळलेल्या पदार्थांसमोर बसतं. असं मऊ, चोथा काढलेलं अन्न वरच्या आतड्यातच बहुतेक शोषलं जातं. तळाच्या पेशींपर्यंत फारसं काही पोचत नाही, आणि जेवण दहा मिनिटांत उरकलेलं असतं. ग्रीसमधल्या एका प्रयोगात तेच, तेवढंच आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला दिलं; सावकाश खाल्लं तेव्हा पीवायवाय आणि जीएलपी-१ दोन्ही जास्त वाढली. शिकागोत दोन रात्री चारच तास झोपू दिलेल्या तरुणांचं घ्रेलिन २८ टक्के चढलं होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा आकडा इतका ठळक आला नाही, पण रातपाळीच्या सुरक्षारक्षकाला आणि हॉटेलातल्या पोऱ्याला हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

गिरणगावच्या खाणावळींत काय वाढलं जाई? भाकरी किंवा चपाती, उसळ, भात, आमटी, जमेल तेव्हा सुकं-ओलं म्हावरं. चवळी-मटकीच्या सालीचा चोथा मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती पडतो, त्यातून तयार होणारी छोटी मेदाम्लं पीवायवायच्या पेशींना जागं करतात. हे आता लंडनच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. पण मला त्या दिवसांचं कौतुक गायचं नाही. ते अन्न अंगमेहनतीला पुरेलच असं नव्हतं, आणि कापसाची धूळ फुप्फुसं खातच होती.

मला सांगायचं आहे ते ताट वाढणाऱ्या बायांविषयी. तिन्ही पाळ्यांची जेवणं एकाच खोलीत रांधायची. एक पाळी जेवून गेली की दुसरीची तयारी. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा या बायांना पहिल्यांदा बँकेचं कर्ज मिळू लागलं, सावकाराचा फास सैल झाला. त्यांच्या कष्टाला प्रथमच हिशोबात धरलं गेलं. पण जेवायची पाळी त्यांची शेवटचीच राहिली. सकाळची भुकेची वेळ आली आणि गेली. दुपारची आली आणि गेली. "मला नाही बाई भूक" असं त्या म्हणत, आणि खोटं बोलत नसत. घ्रेलिन खरोखरच उतरलेलं असे.

भूक न सांगणारी ही गरज या भागात दुसऱ्या वाटेनं पूर्वीच दिसलेली आहे. १९२८च्या सुमारास लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचं रक्त इतकं पातळ का होतं, हा त्यांचा प्रश्न होता. जंतूंत उत्तर मिळालं नाही, ताटात मिळालं. यीस्टच्या अर्कानं त्या बाया सुधारल्या. त्यातला घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून जगाला कळला. आज गरोदर बाईला जी गोळी देतात तिची मुळं इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आणि तरी २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बायकांना "भूक लागते का" हा प्रश्न मी विचारायचा सोडला आहे. सभागृहात काही तरुण डॉक्टर आणि परिचारिका दिसताहेत, त्यांनीही तो सोडावा अशी माझी विनंती आहे. काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं, किती वाजता, घरातल्या कुणाकुणाच्या नंतर, आणि बसून की उभ्यानं, एवढं विचारा आणि लिहून घ्या.